मिठाची पुरचुंडी किती तापली होती

अव्वा,

नातीच्या पीएचडीच्या मोठ्या पुस्तकात पहिल्याच पानावर तुझ्यावर एक ओळ छापून येणार आहे आणि ती ओळ खोटी आहे. तिनं जाणूनबुजून खोटं लिहिलेलं नाही. मी तिला जेवढं सांगितलं तेवढ्यावर तिनं लिहिलं. सोमवारी पुस्तक छपाईला जायचं आहे, आज शुक्रवार. तिला खरं सांगायचं की ओळ तशीच जाऊ द्यायची, हे मला दोन दिवसांत ठरवायचं आहे, आणि ज्याला विचारावं असं घरात कुणी नाही म्हणून माझ्या आईलाच, तुला लिहिते. तू गेलीस त्याला बेचाळीस वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, माझी शाळा चौथीत संपली, तेव्हा लिहिणारी आणि घेणारी दोघी तोलामोलाच्याच. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. पुढच्या पानांवर तिची इंग्रजी अक्षरं, आकडे आणि वर चढत जाणाऱ्या रेघा आहेत. एका पानावर चहाचा डाग आहे, तो तेवढा मला वाचता येतो.

तू तिला बघितलं नाहीस. धाकट्याची पोर. आई-बाप पुण्याला नोकरीला, ही इथं माझ्याजवळ, कारण कॉलेज इथलं आणि भाकरीही इथली. बारावीनंतर किती शिकली ते मोजायचं मी सोडून दिलं. शेजारणी विचारतात, पोरगी करते काय? मी सांगते, दहा वर्षं शिकली आणि आता पाणी तापवायला शिकती आहे. हसतात. तिला ते कळलं तेव्हा फुगून बसली. म्हणाली, "आज्जी, चारचौघांत माझी इज्जत काढू नको. मी पाणी तापवत नाही, मी लोखंड किती तापतं ते मोजते." मी म्हटलं, "आगं मग लोहाराकडं जा की, त्यो कवापास्नं मोजतुय."

मागच्या उन्हाळ्यात ती मला दाखवायलाच घेऊन गेली. रिक्षातून उतरले तर जिने. दुसरा मजला. माझे गुडघे काय बोलत होते ते तुला सांगत नाही. आत एक लहानशी खोली, टेबलावर एक पेटी, तिच्यातून तांब्याची नळी बाहेर येऊन वेटोळं घेऊन परत आत गेलेली, जशी आपली चकली. त्या वेटोळ्याच्या मधोमध एक काचेची बारकी बाटली, बोटभर, तिला बाहेरनं थर्मोकोल बांधलेला. बाटलीत काळं पाणी. तव्याची काजळी धुतल्यावर निघतं तसं. नात म्हणाली, "हे लोखंड आहे." मी म्हटलं, "ह्ये लोखंड? मग मी बी डॉक्टर हाय." तिनं बाटलीजवळ एक लोहचुंबक धरलं तर काळं पाणी त्या बाजूला ओढ घेऊन फुगलं.  ते कण एवढे बारीक की आपल्या ज्वारीच्या पिठाचा एक कण त्यांच्यापुढं डोंगर, असं ती म्हणाली. मग खटका दाबला. जाळ नाही, लाली नाही, नुसती माशी गुणगुणावी तसा आवाज. मी विचारलं, "जाळ कुटं हाय?" तर म्हणे जाळ नाही. त्या वेटोळ्यात चुंबकाची ओढ एका सेकंदात लाखो वेळा इकडची तिकडं होते, आणि ते कण बिचारे तिच्या मागं वळायला बघतात, वळता वळता तापतात. पडद्यावर आकडा चढायला लागला. तीस, एकतीस, बत्तीस. पहिल्या काही सेकंदांत आकडा किती चढतो त्यावरनं काढायचं, एक ग्रॅम लोखंड किती ऊब देतं. एवढंच तिचं काम. चार वर्षं एवढंच.

"ह्ये करायचं कशाला?" मी विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं, हे गाठीसाठी आहे. कॅन्सरच्या गाठीसाठी. हे काळं पाणी गाठीत सोडायचं, बाहेरनं चुंबक लावायचं, म्हणजे गाठ तेवढी आतनं तापते, बाकीचं अंग गार. सगळीकडं हे अजून चालू झालेलं नाही, शोधच चालू आहेत, हेही तिनं सांगितलं. खोटी आशा दाखवत नाही पोरगी, हा गुण माझा. मी म्हटलं, "आन् जास्त तापलं मंजी?" ती म्हणाली, "तेच तर मोजायचं, आज्जी. बेचाळीस, त्रेचाळीस अंश पाहिजेत. कमी पडलं तर गाठीला काही होत नाही. फार जास्त झालं तर शेजारचं चांगलं मांस शिजतं." सहज बोलली. आपल्या घरात मांस हा शब्द चुलीजवळ कधी काढला नाही. 

आणि मी बोलून गेले. म्हटलं, माझ्या आईलाही गाठ होती, छातीत. मी तिला रोज शेक द्यायची, मिठाच्या पुरचुंडीचा. तिला आराम पडायचा. पोरीचे डोळे असे झाले की काय सांगू. "म्हणजे तू हेच करत होतीस, आज्जी! बेचाळीस वर्षांपूर्वी! उबेनं उपचार! हायपरथर्मिया!" बाजूच्या टेबलावरच्या दोघींना तिनं बोलावून सांगितलं, आमची आज्जी बघा. त्या माझ्याकडं देव बघावा तशा बघायला लागल्या. मला चहा आणला. मी तो प्यायले. अव्वा, मी तो चहा प्यायले आणि काही बोलले नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एक गोष्ट झाली. त्या आधी चार-पाच महिने पोरगी हवेत होती. तिचं लोखंड म्हणे भारी तापत होतं, कुणाचं तापलं नसेल तेवढं. फोनवर बापाला सांगायची, मैत्रिणींना सांगायची. एक दिवस दुपारी घरी आली, चप्पल न काढता भिंतीला टेकून बसली. मी तव्याजवळ होते. अजून करते मी भाकरी, रोजच्या वीसेक, गिऱ्हाईक सोडवत नाही.  ताट वाढलं तर हात लावेना. मग म्हणाली, शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, तू बाटलीत साधं पाणी घालून बघितलंस का? लोखंड नसलेलं, नळाचं? हिनं घातलं. खटका दाबला. तर साध्या पाण्यातसुद्धा आकडा चढला.

"मंजी पाणीच तापलं?"

"पाणी नाही तापलं गं. थर्मामीटर तापला. मी धातूच्या तारेचा वापरला होता. चुंबकात ती तारच तापत होती. मोजणारी तारच तापत होती, आज्जी, आणि मी समजत होते लोखंड तापतंय." मग रडायला लागली. पाच महिन्यांचे आकडे केरात. काचेच्या धाग्याचा थर्मामीटर पाहिजे होता, त्याला चुंबक कळत नाही. शिवाय साधं पाणी ठेवून आधी बघायचं, ते वेटोळंच बाटलीला किती ऊब देतं, आणि तेवढी वजा करायची. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं, ते हिनं केलं नव्हतं.

एरवी मी म्हटलं असतं, रडू नको, उठ, परत मोज, तुला काय लगीन लागायचंय उद्या. पण माझ्या हातात भाकरी होती. तव्यावरनं निखाऱ्यावर टाकायला उचललेली. ती मी तशीच धरून उभी होते, बोटांत, कितीतरी वेळ. पोरगी रडता रडता थांबली आणि ओरडली, "आज्जी, भाजेल! खाली ठेव!" मी बघितलं हाताकडं. काही नव्हतं. लालसुद्धा झाला नव्हता.

तेव्हा मला कळलं, अव्वा. बेचाळीस वर्षांनी.

आता तुला तुझंच सांगते, कारण तुझ्याशिवाय कुणाला ते माहीत नाही आणि तू कधी बोलली नाहीस. तू गावाहून, मैंदर्गीहून, माझ्याकडं आलीस ती गाठ पदराखाली झाकून. आंघोळीला पाणी काढून देताना मला दिसली. लिंबाएवढी. कधीपासून आहे विचारलं तर म्हणालीस, शेंगा काढणीच्या वेळेपासून. कुठल्या काढणीच्या ते विचारलं तर बोलेनास. मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यांनी बघितलं, उशीर झाला म्हणाले, गोळ्या दिल्या, घरी न्या म्हणाले. मी चिडले होते. तुझ्यावर. तेव्हा माझं कडक भाकरीचं काम नुकतं चालायला लागलं होतं, दोन खोल्या, एका खोलीत चूल, पहाटेपासून थापायचं, तव्यावर फडक्यानं दाबून दाबून कडक करायच्या, रास लावायची. दोन पोरं लहान. त्यात तू, आणि तुझं दुखणं, आणि तुझं न बोलणं. मागच्या गल्लीतली म्हातारी म्हणाली, मिठाचा शेक दे, गाठ विरघळंल. विरघळत नाही हे मलाही माहीत होतं. पण कण्हणं थांबेल म्हणून सुरू केलं.

दुपारी शेवटची भाकरी उतरली की तवा तापलेला असायचा. त्यावर जाडं मीठ टाकायचं, तडतडायचं थांबलं की जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचं. आणि मग तू शिकवलंस तसं करायचं, आधी आपल्या तळहातावर ठेवायची, आपल्याला सोसली की मग दुसऱ्याच्या अंगाला लावायची. लहान भावाचं पोट दुखलं तर तू असंच करायचीस. मी रोज केलं. एक दिवस चुकवला नाही. तळहातावर पुरचुंडी ठेवायची, दहा मोजायचे, सोसली की तुझ्या छातीला लावायची. पहिले आठ-पंधरा दिवस तुला खरंच आराम पडला. तेव्हा भाकरीचं काम नवं होतं. नंतर लगीनसराई आली, दोनशे-दोनशे भाकरी रोज.

पुढचं तुला माहीत आहे. कातडी लाल झाली, मग फोड आला, मग फुटला. मी फडकं बांधलं, हळद भरली. वास यायला लागला तेव्हा परत दवाखान्यात नेलं. बाई डॉक्टर होती, तरुण. तिनं फडकं सोडलं आणि ओरडलीच, "हे कुणी भाजलं? कोण आहे यांच्याबरोबर?" मी तुझ्या चपला हातात घेऊन दाराशी उभी होते. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "म्याच. घरी कुणी नव्हतं तवा म्याच ठिवून घेटलं." डॉक्टरीण तुला बोल बोल बोलली. अडाणी म्हणाली. तू मान हलवत होतीस, व्हय बाई, चुकलंच बाई. मी चपला हातात घेऊन उभी. एकोणीस दिवसांनी तू गेलीस.

मी काय समजूत घातली स्वतःची, सांगू? की गाठीनंच आतनं कातडी खाल्ली होती. माझी पुरचुंडी तेवढी गरम नव्हतीच. असती तर माझ्या हाताला कळली नसती का? माझ्या हाताला सोसत होती की. बेचाळीस वर्षं मी हाच एक पुरावा धरून बसले. तूच तर लहानपणी चुलीपुढं बसवून मला भाकरी हातानं उलटायला शिकवलीस. चिमटा घेतला की हातावर चापट द्यायचीस, लोण्याच्या हाताची पोरगी म्हणायचीस. आणि मी पहिल्यांदा निखाऱ्यावरनं भाकरी नुसत्या बोटांनी उचलली तेव्हा गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवलंस, बघा, पोरीचा हात तयार झाला. तयार झालेला हात काय सांगणार? त्याला ऊन पाणी आणि उकळतं पाणी सारखंच.

तर असं. आणि काल नातीनं मला ते पहिलं पान वाचून दाखवलं. "माझ्या पणजीस, जिच्या गाठीला माझ्या आजीनं मायेची ऊब दिली." पुढं इंग्रजीतही तेच. वाचून माझ्याकडं बघत बसली, मी आता रडेन म्हणून. मी म्हटलं, "शेंगांची चटणी कुटायची हाय, उठ." ती म्हणाली, "तुला काही वाटत नाही का गं?" मी मुसळ घेतलं.

रविवार.

काल सांगितलं. ठरवून नाही. ती पाटावर बसून भाकरी-दूध कालवत होती आणि मी म्हटलं, "पुस्तकातली ती वळ काढून टाक." म्हणाली का? म्हटलं, "म्या तिला भाजलंय." आणि मग सगळं बाहेर पडलं, मीठ, फडकं, तळहात, फोड, डॉक्टरीण, चपला. तिनं घास तसाच ठेवला. मला वाटलं आता गळ्यात पडेल, मला ते चालत नाही, तिला ठाऊक आहे. ती गळ्यात पडली नाही. तिनं विचारायला सुरुवात केली. मीठ किती घ्यायचीस? तवा लोखंडी का बिडाचा? फडकं किती पदरी? तव्यावरनं काढल्यापासून छातीला लावेपर्यंत किती वेळ? मला राग आला. म्हटलं, "पोलिस हाईस का तू?" ती म्हणाली, "मोजूया."

"काय?"

"आज्जी, तू तेव्हा कशी करायचीस तशी पुरचुंडी कर. तवा तोच आहे ना? तू हातावर घे. सोसली की हो म्हण. मी मोजते." आणि आत जाऊन पिशवीतनं कॉलेजातला पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन आली. म्हणाली, इथं चुंबक नाही, साधा चालतो.

मी नाही म्हटलं पाहिजे होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, कशाला उकरता. पण मलाही बघायचं होतं. मला लई बघायचं होतं, अव्वा. मी तवा ठेवला. जाडं मीठ टाकलं, तडतडलं, थांबलं. जुन्या पातळाचा तुकडा चार पदरी केला, बांधलं. हात विसरला नव्हता, कुठं गाठ मारायची, कसं पीळ द्यायचा, सगळं आपसूक झालं. तळहातावर ठेवली. दहा मोजले. मनात म्हटलं, गार निघू दे. आकडा लहान निघू दे. देवाजवळ एवढं कधी मागितलं नव्हतं. म्हटलं, "हां. सोसती."

तिनं थर्मामीटर पुरचुंडीच्या वरच्या पदराखाली सारला. पारा चढताना मी बघत होते, पण चष्मा नव्हता. विचारलं, "किती?" 

"एकसष्ट."

मग तिनं ती पुरचुंडी स्वतःच्या हातावर घेऊन बघितली आणि लगेच टाकली. हात झटकत उभी राहिली. परत फडक्यात ठेवली, थोडी निवू दिली, परत हातावर घेतली, परत टाकली. असं करत करत एकदा तिच्या हातावर ती राहिली. मोजलं. शेहेचाळीस. मी चौथी शिकले पण एवढी वजाबाकी मला येते. पंधरा. तुझ्या छातीवरची कातडी तिच्या हाताहूनही मऊ, म्हणजे त्या कातडीत आणि माझ्या हातात निदान पंधराचा फरक, आणि तो रोज दुपारी, आणि जोरानं दाबून, कारण दाबल्याशिवाय शेक लागत नाही असं मला वाटायचं.

पोरगी माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, "आज्जी, तुला कळणं शक्यच नव्हतं. तुझी चूक नाही. तुझा सेन्सरच बिघडलेला." मी म्हटलं, "बिगडलेला न्हाय. तयार झालेला." ती म्हणाली, "माझंही तेच झालं ना, तारेचं. मॅडम मला म्हणाल्या, तू खोटं नाही मोजलंस, तुझ्या तारेनं तुला फसवलं." पुढं म्हणाली, "आणि तशीही ती त्या गाठीनंच गेली असती."

"किती त्यातलं?"

"म्हणजे?"

"गाठीनं किती आन् म्या किती? तू साधं पाणी ठिवून वजा करतीस की. तसं करून सांग."

ती मग खालमानेनं म्हणाली, "ते नाही मोजता येत आता."

"मग म्हणू नगं."

त्यानंतर आम्ही दोघींनी राहिलेली चटणी कुटली. मुसळ तिनं घेतलं, मी वारंवार कडेच्या शेंगा आत लोटत होते. निम्म्यात तिनं विचारलं, मग ओळीचं काय करू? मी म्हटलं, ऊब काढ, माया काढ, मला काढ. ती म्हणाली मग उरतं काय? म्हटलं, ती उरती की. आज सकाळी तिनं नवं पान करून दाखवलं. पानावर वर कुठं काही नाही, खाली काही नाही, मधोमध तुझं नाव, बापाच्या नावासकट, आणि त्याखाली मैंदर्गी. रेशनकार्ड सोडलं तर तुझं नाव कुठं छापून आलेलं मी बघितलं नाही. रेशनकार्डावर ते चुकलेलं होतं. ह्यात बरोबर आहे. मी तीनदा अक्षरं लावून बघितली.

उद्या ती घेऊन जाईल. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. लोक तसं म्हणतात. तिला मात्र हलकं वाटलंय. सकाळी बाहेरच्या खोलीत फोनवर बापाला सांगत होती, आज्जीनं किती वर्षं मनात ठेवलं बघा, आणि खरं तर तिची काही चूकच नव्हती. मी आतनं ऐकत होते आणि तवा घासत होते. ते ऐकून मी बाहेर जायला पाहिजे होतं. गेले नाही.

तिला मी हाताचं सांगितलं. हाताचं खरं आहे, हाताला कळलं नाही. पण एक दिवस राहिला सांगायचा. फोड यायच्या आधीचा दिवस. दारात लग्नाच्या भाकऱ्या न्यायला माणूस येऊन उभा होता आणि मी घाईत होते. मी पुरचुंडी लावली आणि तू माझं मनगट धरलंस. मी मोठी झाल्यापासून तू कधी माझा हात अडवला नव्हतास. कानडीत म्हणालीस, "सुडतद." भाजतंय. हळू म्हणालीस, पण मी ऐकलं, मला कानडी तुझ्याकडूनच आली आहे. आणि मी म्हटलं, "माज्या हाताला सोसतंय, तुलाच कशी सोसत न्हाय? नाटकं करू नगंस." तू मनगट सोडलंस. त्यानंतर अकरा दिवस मी रोज पुरचुंडी लावताना विचारायची, भाजतंय का? रोज तू नाही म्हणालीस. फोड आल्यावरही नाही म्हणालीस. आणि नाहीच म्हणशील हे मला रोज माहीत होतं, म्हणूनच विचारत होते.